पाणी किती चढलं ते शेजाऱ्याला सांगा

(सुरुवातीचं दृश्य: पहाट, नदीवर धुकं, पुलाच्या खांबावर रंगवलेले सेंटिमीटरचे आकडे)

हा पुलाचा खांब बघा, त्यावर खालपासून वरपर्यंत आकडे रंगवलेत, आपल्याकडे कृष्णेवर पंचगंगेवर असतात ना अगदी तसेच, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. ही सावा नदी आहे, युरोपातली, आणि आपण उभे आहोत ब्रच्को नावाच्या गावात. इकडचा काठ बोस्नियाचा, समोरचा क्रोएशियाचा, तिथलं ते गाव गुन्या. मधलं पाणी कुणाचं म्हटलं तर दोघांचं, आणि खरं सांगायचं तर आणखी दोघांचं, कारण ही नदी निघते स्लोव्हेनियात आणि संपते सर्बियात, बेलग्रेडला डॅन्यूबला मिळते तिथे.

हजार किलोमीटरला थोडी कमी अशी ही नदी, आणि तिचं खोरं साधारण 97 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. 1991 पर्यंत ही सगळी नदी एकाच देशात होती, युगोस्लाव्हियात. तेव्हा रेडिओवर रोज नद्यांची पातळी वाचून दाखवायचे, त्याला म्हणायचे वोदोस्ताय. गावाचं नाव, मग सेंटिमीटर, मग पाणी चढतंय की उतरतंय, बस. पुढचं गाव, पुढचा आकडा. बार्जवाल्यांना, मासेमारी करणाऱ्यांना, काठावरच्या शेतकऱ्यांना ते लागायचंच, पण ज्यांचा नदीशी काही संबंध नाही अशा घरांतही तो आवाज स्वयंपाकघरात चालू असायचा आणि आता पन्नाशी-साठीत असलेल्या लोकांना तो अजून आठवतो, मग ते सर्ब असोत, क्रोएट असोत की बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुसलमान. आपल्याकडे बातम्यांनंतर धरणातला पाणीसाठा सांगतात ना, तसं काहीसं.

मग देश फुटला आणि युद्ध झालं.

1991 ला क्रोएशियात, 1992 ला बोस्नियात, आणि 1995 च्या शेवटी युद्ध थांबवणारा डेटन करार होईपर्यंत एकट्या बोस्नियात साधारण एक लाख माणसं गेली. या ब्रच्कोचंच सांगते, 30 एप्रिल 1992 च्या पहाटे इथला सावावरचा पूल उडवला, तेव्हा पूल रिकामा नव्हता, त्यावरून माणसं चालत होती. सुट्टीला घरी येणारी, बॅगा घेतलेली साधी माणसं. त्यानंतर जे झालं, छावण्या, कत्तली, घरं जाळणं, ते सगळं करणारे आणि सोसणारे बरेचदा एकाच गल्लीतले होते, आणि मला वाटतं या युद्धातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. परक्या सैन्याचा राग आपण समजू शकतो, पण ज्याच्याकडून काल साखर उसनी आणली त्याच्यावर परत विश्वास कसा टाकायचा?

त्यांच्या भाषेत शेजाऱ्याला म्हणतात कोमशिया. शब्द मूळचा तुर्की, तिघंही तोच वापरतात. आणि शेजारधर्म म्हणजे कोमशिलुक. तुर्कांमार्फत आलेले असे खूप शब्द तिकडे आहेत, दुकानाला ते दुचान म्हणतात आणि बक्षिशीला बकशिश, ऐकलं की आपल्याला एकदम घरचं वाटतं. कोमशिलुक हा शब्द तिकडे फार जपून वापरतात लोक, कारण त्यात एकमेकांच्या सणाला जाणं आलं, मयताला खांदा देणं आलं, आणि रोजची कॉफी आली.

(दृश्य: तांब्याचा ट्रे, जवळून)

ही कॉफी थोडी नीट बघूया. तांब्याचं लांब दांड्याचं भांडं, त्याला जेझ्वा म्हणतात, त्यात कॉफी उकळून फेस वर येऊ देतात. सोबत बिनकानाची छोटी वाटी, ती फिल्जान. साखर कॉफीत टाकायची नाही, खडा घ्यायचा, टोक कॉफीत बुडवायचं, दाताखाली धरायचं आणि वरून घोट घ्यायचा. यात घाई चालत नाही. एका फिल्जानला अर्धा-पाऊण तास सहज जातो, म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी बोलावंच लागतं. युद्धानंतर कितीतरी वर्षं असे शेजारी होते ज्यांच्यात ही कॉफी परत सुरू झाली नाही, काहींच्यात आजही नाही, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता ब्रच्कोचं गणित थोडं समजून घ्या. डेटनमध्ये सगळ्या बोस्नियाची वाटणी ठरली, फक्त या एका गावाचं ठरलं नाही. सर्बांना ते हवं होतं कारण त्यांच्या भागाचे पूर्व आणि पश्चिम तुकडे इथेच एका अरुंद पट्टीने जोडले जात होते, बोस्नियाक आणि क्रोएटांना हवं होतं कारण सावावरचं बंदर आणि युरोपकडे जायची वाट इथे होती. शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं आणि 1999 ला निकाल आला की हे कुणा एकाचं नाही, वेगळा जिल्हा करा, सगळ्यांचा मिळून. 2000 साली तो झाला. आणि लगेच 2001 पासून इथल्या शाळांत तिन्ही समाजांची पोरं एका वर्गात बसायला लागली, जे बोस्नियात अजूनही बऱ्याच ठिकाणी होत नाही, काही गावांत तर एकाच इमारतीत दोन शाळा चालतात, पोरं वेगळ्या दारांनी आत जातात. ब्रच्कोत सुरुवातीला याला विरोध झाला पण ते टिकलं.

त्याच्याही आधी, म्हणजे लढाई थांबल्या थांबल्या, गावाच्या दक्षिणेला सैन्यांच्या मधल्या पट्टीत एक बाजार उभा राहिला. नाटोच्या सैनिकांनी तिथल्या रस्त्याला ॲरिझोना असं सांकेतिक नाव दिलं होतं म्हणून तो ॲरिझोना बाजार. चेकपोस्टजवळ सैनिक असल्यामुळे जरा सुरक्षित वाटायचं, आणि काही महिन्यांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखलेले लोक तिथे सिगरेटी, कॉफी, गाई, कपडे यांचा सौदा करायला लागले. पुढे त्याच बाजारात तस्करी झाली, बायकांची खरेदी-विक्रीसुद्धा झाली, ते लपवून फक्त गोड गोष्ट सांगणं बरोबर नाही. पण लोकांना पहिल्यांदा एकमेकांकडे आणलं ते गरजेने, भाषणांनी नाही, हेही तितकंच खरं.

आणि गरज म्हणाल तर नदीएवढी मोठी गरज दुसरी कुठली.

(दृश्य: झेलेन्त्सी, पाचूसारखं हिरवं पाणी, तळातून वर येणारे बुडबुडे)

हा सावाचा एक उगम, स्लोव्हेनियातल्या डोंगरात, क्रान्स्का गोरा गावाजवळ. 2000 च्या ऑक्टोबरमध्ये बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच सत्तेवरून गेले आणि त्यानंतर साधारण वर्षभरातच, नोव्हेंबर 2001 मध्ये, चारही देशांची माणसं सारायेवोत एका टेबलावर बसून म्हणाली की सावावर काहीतरी एकत्र करायला पाहिजे. एक वर्ष फक्त! जखमा ओल्या, हरवलेल्यांचा शोध चालू, युद्धगुन्ह्यांचे खटले चालू. आणि 3 डिसेंबर 2002 ला इथेच, क्रान्स्का गोरामध्ये, करारावर सह्या झाल्या, नदी जिथे सुरू होते तिथेच. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया आणि तेव्हाचा उरलेला युगोस्लाव्हिया, म्हणजे सर्बिया आणि माँटेनेग्रो. 2004 च्या डिसेंबर अखेरीस करार लागू झाला आणि पुढे क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये सावा आयोगाचं ऑफिस उघडलं.

करारात काय होतं? तर बोटी चालवायच्या, पाणी नीट वापरायचं, पूर आणि प्रदूषण अशी संकटं एकत्र अडवायची. वाचायला अगदी कंटाळवाणं. माफी नाही, गळाभेट नाही, इतिहास कुणाचा खरा यावर एक अक्षर नाही, आणि माझं प्रामाणिक मत आहे की म्हणूनच सही होऊ शकली. इतिहासावर बोलायला बसले असते तर आजही तिथेच बसले असते. इथे प्रश्न एवढाच होता की तुमच्याकडे पाणी किती आहे आणि ते आम्हाला कधी कळणार.

काम मात्र सोपं नव्हतं. बोटींच्या खुणा आणि फलक युद्धात गेलेले, पात्रात आणि काठांवर न फुटलेले बॉम्ब, सुरुंग. बेलग्रेडपासून वर क्रोएशियातल्या सिसाकपर्यंत साधारण 594 किलोमीटरचा जलमार्ग, त्याच्या खुणा परत लावायच्या तर आधी काठ साफ हवा, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. 2010 मध्ये पुराबद्दलचा वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, तयार झाला, त्यावर सह्या झाल्या, पण सगळ्या देशांची मंजुरी मिळायला वेळ लागला, कागद ऑफिसांत पडून राहिले. आणि नदीला काही कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नसते.

मे 2014. तीन-चार दिवसांत इतका पाऊस पडला की तिथे नोंदी ठेवायला लागल्यापासून तसा पडला नव्हता. बोस्ना, द्रिना, कोलुबारा, सावाला मिळणाऱ्या नद्या एकदमच भरल्या. कोलुबाराचं पाणी बेलग्रेडजवळच्या ओब्रेनोवाट्समध्ये शिरलं, अख्खं गाव रिकामं करावं लागलं, आणि जवळच सर्बियाची जवळपास निम्मी वीज बनवणारा प्रकल्प, तो वाचवायला लोक रात्रंदिवस बांध घालत होते. शाबाट्समध्ये हजारो पोरंपोरी वाळूची पोती हातोहात पुढे देत होती. 17 मे ला क्रोएशियाच्या बाजूचा बांध रायेवो सेलोजवळ फुटला आणि समोरचं हे गुन्या, जे आपण सुरुवातीला बघितलं, ते पाण्याखाली गेलं. घरं छपरापर्यंत. गुन्यात कॅथलिक आहेत, बोस्नियाक मुसलमान पण आहेत, चर्च आहे, मशीद आहे, पाण्याने कुणालाच सोडलं नाही.

सांगली-कोल्हापूरच्या माणसाला 2019 चा ऑगस्ट आठवला असेल आत्ता, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, कुणी कुणाला कधी सांगितलं, हे प्रश्न पूर ओसरल्यावरही किती दिवस पुरले.

बोस्नियात एक वेगळीच भीती होती. युद्धातले सुरुंग. डोंगर खचले, पाणी शेतांतून वाहिलं आणि सुरुंगांच्या पट्ट्याच हलल्या, लाल पाटीवर पांढरी कवटी आणि सुरुंगांपासून सावध अशी सूचना, त्या पाट्या वाहून भलतीकडेच जाऊन पडल्या. म्हणजे एका देशाने पेरलेली भीती आता दुसऱ्या देशाच्या शेतात येऊ शकत होती. ही भीती कुठल्या बॉर्डरवर थांबवणार?

सर्बिया आणि बोस्निया मिळून पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि एकट्या बोस्नियात दहा लाखांहून जास्त लोकांना झळ पोचली. पण त्याच आठवड्यात शेजारी देशांतून होड्या, पंप, हेलिकॉप्टर, ब्लँकेटचे ट्रक निघाले, स्लोव्हेनियातून, मॅसेडोनियातून, माँटेनेग्रोतून. नोवाक जोकोविचने त्याच वेळी रोमची स्पर्धा जिंकली होती, बक्षिसाची रक्कम त्याने पूरग्रस्तांना दिली, आणि बोलताना सर्बियासोबत बोस्निया आणि क्रोएशियाचंही नाव घेतलं. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण वीस वर्षांपूर्वी ज्या तीन नावांमध्ये तोफा उभ्या होत्या ती एका वाक्यात अशी शेजारी शेजारी येणं, तिथल्या लोकांनी ते नीट ऐकलं.

पूर ओसरल्यावर पडलेले कागद हलले. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये पुराचा प्रोटोकॉल लागू झाला. पाण्याचा आणि पावसाचा डेटा सगळ्यांनी एका ठिकाणी टाकायचा असं ठरलं, आणि 2018 मध्ये पुराचा अंदाज देणारी सामायिक यंत्रणा सुरू झाली, नेदरलँड्समध्ये बनलेल्या सॉफ्टवेअरवर, पाच देशांसाठी, कारण माँटेनेग्रो कराराचा सदस्य नसूनही यात आला. आता सिसाकला पाणी चढलं की ब्रच्कोला ते काही दिवसांनी पोचणार, आणि ब्रच्कोच्या माणसाला ते आधीच कळतं, झाग्रेबच्या आणि बेलग्रेडच्या माणसाला जे कळतं तेच, त्याच स्क्रीनवर.

म्हणजे वोदोस्तायची ती जुनी यादी परत जोडली गेली. फक्त आता वाचणारा आवाज नाही.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. बोस्नियाच्या सीमेला लागून क्रोएशियात तर्गोव्स्का गोरा नावाचा डोंगर आहे, तिथे क्रश्को अणुप्रकल्पातला आपल्या वाट्याचा किरणोत्सारी कचरा ठेवायचा क्रोएशियाचा प्लॅन आहे. क्रश्को आहे स्लोव्हेनियात, सावाच्याच काठी, आणि त्यात दोन्ही देशांची निम्मी निम्मी मालकी. पण डोंगराच्या पायथ्याशी ऊना नदी आहे, पलीकडच्या बोस्नियन गावांचं पिण्याचं पाणी त्यावर, आणि ती माणसं गेली कित्येक वर्षं ओरडून सांगतायत की आमच्या उशाशी हे ठेवू नका. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्याला वीज मिळाली नाही त्याच्या दारात तिचा कचरा ठेवणं हे कोमशिलुकमध्ये बसत नाही.

आणि हा आपला पूल. युद्धानंतर परत बांधला. 2013 ला क्रोएशिया युरोपियन युनियनमध्ये गेला, 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्येही, म्हणजे आपापसात सीमेवर तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात, त्यामुळे गुन्याची बाजू आता युरोपियन युनियनची बाहेरची सीमा झाली. उन्हाळ्यात जर्मनी-ऑस्ट्रियात कामाला असलेले बोस्नियाचे लोक गाड्या भरून घरी येतात, आणि सीमेवरच्या अशा पुलांवर लांबच लांब रांगा लागतात, लेकरं खिडकीतून नदी बघत बसतात.

(शेवटचं दृश्य: तोच खांब, संध्याकाळ)

दर 1 जूनला सावा दिवस असतो. चारही देशांत काठावरच्या शाळांमधली पोरं येतात, पाण्याचे नमुने बाटल्यांत घेतात, चित्रं काढतात, काठावरचं प्लास्टिक गोळा करतात. युद्ध संपल्यानंतर जन्मलेली पोरं. खांबावरचे आकडे वाचायला शिकवतात त्यांना, पाणी कुठे टेकलंय ते, आणि कालच्यापेक्षा वर आहे की खाली.