हिरडीतले जंतू आणि मेंदूतला बीपीचा कारभार

(दृश्य: कपाशीचं शेत, वेचणी चालू)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे कपाशीचं शेत. वेचणी जोरात आहे. कमरेला झोळी बांधलेल्या या बाया वाकतात, खालच्या फांदीचं बोंड वेचतात, उभ्या राहतात, परत वाकतात, परत उभ्या राहतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. हातांचा वेग बघण्यासारखा आहेच, पण आपल्याला बघायची आहे यांची मान.

(दृश्य: मानेचा क्लोजअप, चामडीखाली उडणारी नाडी)

जबड्याच्या कोनाच्या जरा खाली जे उडताना दिसतंय ना, ती मेंदूला रक्त नेणारी धमनी. इथंच तिला दोन फांद्या फुटतात आणि फुटायच्या जागी ती थोडी फुगीर असते. त्या फुगीर भागाच्या भिंतीत बारीक मज्जातंतूंची टोकं आहेत. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणते, भिंत ताणली की ही टोकं मेंदूला निरोप पाठवतात, दाब कमी झाला की निरोप कमी होतात. असंच दुसरं ठाणं छातीत, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीवर आहे.

ही बाई वाकलेली होती, आता उभी राहिली. उभं राहताच अर्ध्या लिटरच्या वर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, म्हणजे खरं तर दर वेळी तिला चक्कर यायला पाहिजे. येत नाही. कारण मानेतून जाणारे निरोप कमी झाले हे मेंदूच्या अगदी बुडाशी, जिथं मेंदू संपून पाठीचा कणा सुरू होतो तिथं, मेड्युला नावाच्या भागात लगेच कळतं. तिथं पेशींचा एक छोटा पुंजका हे सगळे निरोप घेतो आणि शेजारच्या दुसऱ्या पुंजक्याला सांगतो की दाब पडतोय, वाढव. मग हृदयाचे ठोके वाढतात, पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त वर ढकललं जातं. काही सेकंदांत काम फत्ते, आणि बाईचा हात तोपर्यंत पुढच्या बोंडावर गेलेला असतो.

हे माणसाला कळलं कधी? गेल्या शतकात. मानेवर दाबलं की नाडी मंदावते हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, पण त्यांना वाटायचं की तिथून जाणारा मोठा मज्जातंतू दाबला जातो म्हणून. 1920 च्या दशकात हेरिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की त्या मज्जातंतूचा नाही, धमनीच्या फुगीर भागाचा हा खेळ आहे. पुढे बेल्जियमच्या हेमन्सने अशाच ठाण्यांवर काम केलं, ती श्वासावर कसा ताबा ठेवतात हे शोधलं आणि त्याला 1938 चं नोबेल मिळालं. (मान दाबून बघायचा प्रयोग घरी कोणीही करू नका, म्हाताऱ्या माणसांवर तर नकोच.)

म्हणजे बीपी हे नुसतं हृदयाचं आणि मिठाचं काम नाही. मेंदू क्षणाक्षणाला ते ठरवतो. आणि बीपी बरेच दिवस वाढलेलंच राहिलं की हीच यंत्रणा त्या वाढलेल्या आकड्याला नॉर्मल समजायला लागते, मग मेंदू तो वाढलेला आकडा सांभाळत बसतो आणि माणसाला काहीच त्रास जाणवत नाही. आपल्याकडे "मले काहीच होत नाही त गोळी काऊन खाऊ" हे जे ऐकू येतं, त्याचं मूळ इथं आहे.

(दृश्य: उपकेंद्राचा ओटा, रांगेत बसलेली माणसं, बीपीचा पट्टा)

आता आपण गावात, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर. 30 वर्षांच्या वरच्या सगळ्यांची तपासणी चालू आहे, बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंड. या आजींचं बीपी आलं 158/96. आशाताईंनी टॉर्च काढली, तर आजी काय म्हणतात ऐका.

"बीपी त हाताले पाह्यलं ना वो, आता तोंड काऊन पाहून राह्यली?"

"दाखवा त खरं आजी, आ करा."

आजींनी आ केला. गालाच्या आतून पांढरा चट्टा नाही, जखम नाही, फॉर्मवर तसं लिहिलं गेलं आणि आजी उठल्या. पण कॅमेऱ्यात जे आलं ते परत एकदा बघा, थांबवून बघा. खालच्या समोरच्या दातांच्या मुळाशी पिवळं-काळं किटण, हिरडी लालभडक आणि सुजलेली, दोन दातांच्या मधली हिरडी खाली उतरून फट पडलेली, आणि उजवीकडचा एक दात जिभेच्या धक्क्याने हलतोय. यालाच आपण पायरिया म्हणतो. फॉर्मवर कॅन्सरसाठी तोंड बघायचं होतं, ते बघितलं. हिरडीसाठी रकाना नव्हता. टॉर्चचा उजेड मात्र थेट हिरडीवरच पडला होता.

(दृश्य: डेंटल कॉलेजची लॅब, मायक्रोस्कोपचा स्क्रीन)

ही नागपूरच्या एका डेंटल कॉलेजची लॅब. अशाच एका हिरडीच्या फटीतून सुईच्या टोकाएवढा मळ काढून काचेवर ठेवलाय आणि स्क्रीनवर बघा काय चाललंय, वळवळणारे, गिरक्या घेणारे, स्प्रिंगसारखे पुढे सरकणारे. दाताच्या मळातले जंतू जगात सगळ्यात आधी हॉलंडच्या लेव्हेनहुकने पाहिले आणि 1683 मध्ये पत्रातून कळवले, ते हेच दृश्य.

यातला आपला मुख्य आरोपी पळत नाही, तो शांत असतो. नाव पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्याला ऑक्सिजन चालत नाही म्हणून तो दात आणि हिरडीच्या मधल्या खोल फटीत राहतो. चांगल्या हिरडीत ही फट 1 ते 3 मिलिमीटर असते, पायरियात 5, 6, कधी त्याहून जास्त, आणि तितक्या खोल ब्रश जात नाही. या जंतूला लोह पाहिजे आणि लोह तो रक्तातून घेतो. ही लाल प्लेट बघा, रक्त घालून केलेलं खाद्य आहे त्यात, ऑक्सिजन काढून टाकलेल्या डब्यात ठेवली होती, आणि आठवडाभरात त्यावर हे काळे ठिपके उगवलेत. तो काळा रंग रक्तातलाच, जंतूने स्वतःच्या अंगावर साठवलेला. म्हणजे हिरडीतून रक्त येणं ही त्याच्यासाठी पंगत आहे. तो जिंजिपेन नावाचे पाचक रस सोडतो, हिरडीचं मांस सैल करतो, रक्त आणखी येतं, तो आणखी वाढतो, आणि बाकीच्या जंतूंनाही जागा करून देतो. तो संख्येने फार नसला तरी तोंडातलं सगळं वातावरण बिघडवून टाकतो.

सगळे जंतू वैरी आहेत असंही नाही बरं का. जिभेच्या मागच्या भागात राहणारे काही जंतू पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो आणि बीपी खाली राहतं. लंडनमध्ये 19 निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडीन या जंतू मारणाऱ्या माउथवॉशच्या गुळण्या करायला लावल्या तर त्यांचं बीपी 2 ते 3.5 अंकांनी वाढलं. म्हणून जाहिरात बघून रोज माउथवॉश मारत बसणं हा यावरचा उपाय नाही.

(दृश्य: अ‍ॅनिमेशन, हिरडीपासून मेंदूपर्यंत)

आता हिरडी आणि मेंदूचा संबंध. खूप पसरलेल्या पायरियात सगळ्या दातांभोवतीची सुजलेली जागा एकत्र धरली तर 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरते. एवढी जखम हातावर असती तर आपण धावत दवाखाना गाठला असता. या जखमेवरून आपण रोज भाकर चावतो, ब्रश फिरवतो, आणि दर वेळी थोडे जंतू आणि त्यांच्या कवचाचे तुकडे रक्तात जातात. शरीर त्यांच्याशी लढतं, लढताना सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडतं, आणि ही रसायनं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं रक्तात फिरत राहतात.

मेंदूभोवती पहारा असतो, रक्तातली प्रत्येक गोष्ट आत जाऊ शकत नाही. पण काही ठिकाणी हा पहारा मुद्दामच ढिला ठेवलेला आहे, कारण रक्तात काय चाललंय हे मेंदूला कळायला पाहिजे. असं एक उघडं ठिकाण मेड्युलामध्ये आहे, आणि कुठं आहे? मघाशी शेतात बघितलं त्या निरोप घेणाऱ्या पुंजक्याच्या अगदी शेजारी, भिंतीला भिंत लागून. सूज वाढवणाऱ्या रसायनांची खबर तिथून आत जाते. मेंदूतल्या राखण करणाऱ्या पेशी, मायक्रोग्लिया, जाग्या होतात आणि स्वतःही तशीच रसायनं सोडायला लागतात. बीपी वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूत, बीपी सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस नावाच्या दुसऱ्या एका भागात, या पेशी अशाच भडकलेल्या दिसल्या, आणि 2010 च्या एका अभ्यासात मेंदूतली ही भडक औषधाने शांत केली तर उंदरांचं बीपीही उतरलं. जंतू स्वतः मेंदूपर्यंत पोचू शकतात का? 2018 मध्ये उंदरांच्या तोंडात हाच जंतू 22 आठवडे देत राहिले तेव्हा तो त्यांच्या मेंदूत सापडला.

म्हणजे या राखण करणाऱ्या पेशी भडकलेल्या असल्या की मेंदू मानेतून येणारा "दाब वाढलाय, कमी कर" हा निरोप नीट ऐकत नाही आणि हृदयाला, रक्तवाहिन्यांना, किडनीला "आवळा, आवळा" एवढंच सांगत राहतो. हिरडीपासून बीपीपर्यंतची ही साखळी उंदरांमध्ये तुकड्या-तुकड्याने दिसली आहे.

आणि माणसांचं काय? 2020 मध्ये लंडनच्या ईस्टमन डेंटल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 26 देशांतले 81 अभ्यास एकत्र तपासले. मध्यम ते जास्त पायरिया असलेल्यांत हाय बीपी असण्याची शक्यता 22 टक्के जास्त, फारच वाढलेला पायरिया असेल तर 49 टक्के जास्त. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, पोलंडमध्ये बीपी आणि पायरिया दोन्ही असलेल्या 101 लोकांवर ट्रायल झाली होती. अर्ध्यांच्या हिरड्यांची खोलवर सफाई आणि उपचार, अर्ध्यांची नुसती वरवरची सफाई. दोन महिन्यांनी खोल उपचारवाल्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 11 अंकांनी कमी होतं. सगळ्या ट्रायलमध्ये इतका मोठा फरक आलेला नाही हेही सांगितलं पाहिजे, पण 11 अंक म्हणजे एका गोळीएवढा फरक आहे.

बीपी असंच राहिलं तर लकवा, हार्ट अटॅक, किडनी, ते सगळ्यांना माहीत आहे.

(दृश्य: पानठेला, खर्रा घोटणारे हात)

खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटला की तयार. विदर्भात कुठल्याही गावात जा, हे हात दिसतीलच. तंबाखूने बीपी वाढतं आणि हिरडीही जाते, दोन्ही बाजूंनी मार, आणि जखम भरायचं बळही तंबाखू कमी करते. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ या मोहिमेचं दारू आणि तंबाखूविरुद्धचं काम चालू आहे, गावंच्या गावं त्यात उतरली आहेत, ते इथंही व्हायला पाहिजे.

(दृश्य: स्केलिंग, खूप जवळून)

हे काका पहिल्यांदाच दात साफ करायला आलेत, पन्नाशी उलटल्यावर. आवाजाने थोडे दचकले, नंतर शांत. मशीनचं टोक दाताच्या मुळाशी फिरतंय, पाण्याचा फवारा उडतोय, आणि हा बघा, किटणाचा अख्खा तुकडा निघाला, दाताच्या आकाराचाच साचा, आतून काळा. त्याच्या मागे हिरडीतून थेंबभर रक्त. दात साफ केले की हलायला लागतात असं गावोगाव म्हणतात. दात आधीच हलत असतो, किटणाने त्याला धरून ठेवलेलं असतं आणि त्याच किटणाखाली हाड झिजत असतं. किटण निघाल्यावर सूज उतरते, हिरडी घट्ट होते, आणि हाड फार गेलं नसेल तर दात टिकतो. काडी करा, मंजन करा, ब्रश करा, हिरडीखालचं किटण त्याने निघत नाही, ते दातांच्या डॉक्टरकडेच निघतं.

एक गोष्ट बीपीच्या पेशंटसाठी खास. पीएचसीतून मिळणारी अम्लोडिपिन ही चांगली गोळी आहे, पण काही जणांच्या हिरड्या तिने फुगतात, तोंड साफ नसेल तर जास्तच. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला हिरडी दाखवायची, सफाई करायची, गरज पडली तर गोळी तेच बदलून देतील.

(दृश्य: परत उपकेंद्र, आशाताई आणि टॉर्च)

मागणी एवढीच आहे. टॉर्च गावात पोचलेली आहे, पट्टा पोचलेला आहे, तोंड उघडायला लोक तयार आहेत. त्याच फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा, दात घासताना रक्त येतं का, दात हलतो का. ज्यांचं बीपी वाढलेलं आहे आणि उत्तर हो आहे त्यांना ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या. जिथं दातांचे डॉक्टर नाहीत तिथं महिन्यातून एक दिवस डेंटल कॉलेजची गाडी पाठवा.

तोपर्यंत तुम्ही स्वतः जा. जाताना बीपीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवा, सकाळची गोळी घेऊनच निघा, शुगर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर खुर्चीत बसायच्या आधीच डॉक्टरला सांगा.