सुटला, पण रात्री झोपणार कुठे?

तर मंडळी, मला नेहमी विचारतात की जेलमधून सुटलेल्या माणसाची खरी अडचण कोणती, काम मिळत नाही ही, की लोक नावं ठेवतात ही? दोन्ही आहेतच. पण मला विचाराल तर सगळ्यात अवघड असते ती पहिली रात्र. एक जण अकरा वर्षांनी सुटला, मी गेटवर घ्यायला गेलो होतो, त्याने माझ्याच मोबाईलवरून गावी भावाला फोन लावला आणि भाऊ म्हणाला, दादा सध्या येऊ नको, पोरीची सोयरीक चाललीय. भाऊ वाईट नव्हता हो, त्याचीही अडचण होती. पण त्या रात्री हा माणूस एसटी स्टँडवर झोपला, कारण त्याला ठेवायला माझ्याकडेही जागा नव्हती, आणि ते मला अजून लागतं.

ही जी मधली जागा, तिलाच हाफवे हाऊस म्हणतात. जेल नाही आणि घरही नाही. डोक्यावर छप्पर, दिवसा कामाला जायचं, रात्री परत आलास का हे विचारणारं कोणीतरी, आणि बँकेत, कामावर सांगता येईल असा एक पत्ता.

कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १८४५ साली सुटून आलेल्या बायकांसाठी असं घर निघालं, आयझॅक हॉपर ह्या क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथातल्या, गृहस्थांचं नाव पुढे त्याला मिळालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन ह्या अधिकाऱ्याने शिक्षेचे टप्पेच पाडले, आधी एकांत, मग मजुरी, आणि सुटायच्या आधी डब्लिनजवळ लस्कला उघड्या माळावर शेतीकाम. पण मला त्यात सगळ्यात आवडतात ते जेम्स ऑर्गन मास्तर. स्मिथफील्डच्या जेलात कैद्यांना शिकवायचे आणि तेच मास्तर बाहेर मालकांच्या दारोदार फिरून त्यांना काम मिळवून द्यायचे, वर कामाला लागल्यावर भेटायलाही जायचे! म्हणजे इमारत नंतर, आधी माणूस लागतो.

अमेरिकेत पुढे पॅरोलचा, म्हणजे शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटण्याचा, पेच झाला, सुटायचंय तर बाहेरचं काम दाखवा, आता आत बसून काम कसं शोधणार? त्या काळात चर्चमधल्या लोकांनी घरं काढली, शिकागोत १९५४ ला सेंट लेनर्ड्स, सेंट लुईसला १९५९ मध्ये डिस्मस हाऊस, आणि १९६१ पासून केंद्र सरकारनेही अशी सेंटर्स सुरू केली.

आणि आपल्याकडे? आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ चं, औंध संस्थानातलं. मॉरिस फ्रिडमन ह्या पोलिश इंजिनियरच्या डोक्यातून आलेली वसाहत, कैदी बायकापोरांसोबत राहून शेती करणार. ह्याचा मला फार अभिमान वाटतो. पण ते शिक्षा चालू असतानाचं झालं. शिक्षा संपल्यावर काय? मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचं 'प्रयास' १९९० पासून ह्या लोकांसोबत काम करतंय, पण पहिले दोन-चार महिने राहायची जागा म्हणाल तर आपल्याकडे फारच थोडी.

लोक म्हणतात, करा की, पण आमच्या गल्लीत नको. अहो, शिक्षा संपली की तो बाहेर येणारच आहे, तुमच्या गल्लीत नाहीतर स्टँडवर. संध्याकाळी तो कुठे आहे हे कोणाला तरी माहीत असावं की नसावं, एवढंच ठरवायचंय. ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे त्यांनी कार्यक्रम झाल्यावर मला भेटा, मी दाराशीच उभा आहे.