कमिट झालं, पण डिस्कवर पोहोचलं का?

प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिलं आणि लिनक्सने ‘झालं’ म्हणून सांगितलं, तरी तो डेटा बहुतेक वेळा रॅममध्येच, पेज कॅशेत (फाइलींचा डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेत) पडून असतो. नेहमीच्या सेटिंगवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर ५ सेकंदांनी फेरी मारतो आणि ३० सेकंदांहून जुनी पानं (डेटाचे तुकडे) डिस्ककडे धाडतो. तेवढ्यात वीज गेली तर ती पानं गेली. हे टाळायला एफसिंक हा कॉल असतो. डेटा डिस्कवर उतरेपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबतो.

थांबायचं किती? ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. डेटाबेस कमिट करताना, म्हणजे व्यवहार पक्का करताना, आधी लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवर उतरवतो. लॉगचा पुढचा तुकडा लिहायला तबकडी पुन्हा फिरून यावी लागते. म्हणून एकच कनेक्शन एकामागून एक कमिट करत असेल, तर सेकंदाला साधारण १२० कमिट होतात. अशा साध्या डिस्कवर चाचणीत हजारो दिसले, तर खूश होऊ नका. डिस्क स्वतःच्या कॅशेतूनच ‘झालं’ म्हणते आहे. पोस्टग्रेस या डेटाबेससोबत येणारं पीजी-टेस्ट-एफसिंक हे साधन चालवून हा आकडा आधी बघा.

आता वेग हवा म्हणून पोस्टग्रेसमध्ये लोक दोन बटणं दाबतात आणि ती एकाच जातीची समजतात. तसं मुळीच नाही.

सिंक्रोनस कमिट हे सेटिंग बंद केलं, तर कमिटचं उत्तर लगेच मिळतं आणि लॉग मागाहून उतरतो. लॉग लिहिणारी प्रोसेस दर २०० मिलिसेकंदांनी जागी होते. जास्तीत जास्त तिप्पट, म्हणजे ६०० मिलिसेकंदांचे व्यवहार जाऊ शकतात. पण जे उरतं ते सुसंगत असतं, कारण आधी लॉग आणि मग डेटाचं पान हा क्रम मोडत नाही. शिवाय हे प्रत्येक व्यवहारापुरतं ठरवता येतं. वेबपान किती वेळा पाहिलं याची नोंद सैल ठेवा, पैशांची नोंद पक्की ठेवा.

एफसिंकच बंद केलं, तर हा क्रमच जातो. मशीन कोसळल्यावर डेटाचं पान नवं आणि लॉग जुना, इंडेक्स (ओळी शोधायची सूची) दाखवतो ती ओळ जागेवर नाही, अशी अवस्था होऊ शकते. इथे नुसते शेवटचे काही क्षण जात नाहीत, सगळ्या डेटाबेसवरचा भरवसा जातो आणि बॅकअपवरूनच उभं राहावं लागतं.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या भागात) कमिटच्या वेळी लॉग डिस्कवर उतरवण्याचं सेटिंग १ वरून २ केलं, तर सर्व्हर प्रोसेस पडली तरी डेटा वाचतो. वीज गेली तर साधारण सेकंदाभराचा जातो.

एफसिंक चालू असूनही एक खड्डा राहतो, आणि तो २०१८ मध्ये ठळकपणे चर्चेत आला. लिनक्सवर एफसिंक अपयशी ठरला की न लिहिलेली पानं ‘स्वच्छ’ म्हणून धरली जाऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा बोलावलं तर यश कळवलं जातं. म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करू’ हा उपाय धोक्याचा. पोस्टग्रेस आता अशा वेळी स्वतःहून कोसळतो आणि लॉगवरून सावरतो. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

एफसिंक बंद ठेवण्याची रास्त जागा म्हणजे पुसून पुन्हा भरता येईल असा डेटाबेस: चाचणीचा, किंवा पहिल्यांदा भरताना. भरून झाल्यावर मात्र नुसतं सेटिंग चालू करून भागत नाही. क्लस्टर, म्हणजे पोस्टग्रेसचा सगळा सर्व्हर, बंद करा, सिंक कमांड द्या, कर्नलकडे अडकलेली सगळी पानं उतरू द्या, आणि मगच एफसिंक चालू करून सर्व्हर सुरू करा.