मायफळ, हिराकस आणि हेस्टर पुल्टर

श्रोतेहो, नमस्कार.

वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयात एक आगळा कार्यक्रम होतो. नाव ट्रान्सक्रायबेथॉन. लोक संगणकासमोर बसतात, सतराव्या शतकातल्या एखाद्या वहीच्या पानाचा फोटो उघडतात आणि त्याची अक्षर न् अक्षर नक्कल करतात. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. आपल्याकडे प्रास्ताविक संपेपर्यंत पुस्तकांच्या कपाटाचं कुलूपही कुणी काढत नाही, हे जाता जाता. 2015 मध्ये तिथे रेबेका विंच यांची वही अशी उतरवायला घेतली होती. पाककृती, घरगुती औषधं, अगदी चॉकलेट करण्याची कृतीसुद्धा तिच्यात आहे.

एवढा खटाटोप का? कारण त्या काळच्या इंग्रज बायकांचं बरंचसं लेखन छापलंच गेलं नाही. एमिलिया लॅनियरच्या कविता 1611 मध्ये छापल्या, एलिझाबेथ केरीचं नाटक 1613 मध्ये आलं, हे खरं. पण बाकीचं पुष्कळ हातानं लिहिलेलं राहिलं. पुन्हा सांगतो, हातानं लिहिलेलं. 'इंग्रजीतली पहिली लेखिका कोण' असं विचारणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पहिल्या नंबराच्या नादात बाकीचा वर्ग कुणी पाहतच नाही.

आता हेस्टर पुल्टर या कवयित्रीची हकीकत ऐका.

हेस्टर इंग्लंडचे एक सरन्यायाधीश, पुढे अर्ल झालेले जेम्स ले यांची मुलगी. तिच्या बहिणीवर, मार्गारेटवर, खुद्द मिल्टननं सुनीत लिहिलंय. हेस्टरवर कुणी लिहिलं नाही. ती लग्न होऊन हर्टफर्डशायरमधल्या ब्रॉडफील्ड या खेड्यातल्या वाड्यात गेली आणि तिला पंधरा मुलं झाली. त्यातली बहुतेक तिच्या डोळ्यांदेखत गेली. जेन नावाची लेक 1645 मध्ये, विसाव्या वर्षी. एका कवितेत हेस्टर विचारते, सगळे प्राणी मोकळे फिरतात, मग मीच का कायमची कोंडलेली?

1648 मध्ये पंधराव्या बाळंतपणात ती इतकी खचली की दहा दिवस, दहा रात्री तिला उशीवरून डोकं तसूभर हलवता आलं नाही. हे मी रंगवून सांगत नाही. हे तिनंच कवितेच्या मथळ्यात लिहून ठेवलंय, मुलाचं नाव जॉन, हेही. आणि त्या अंथरुणावरून तिनं काय केलं? कवितेत तिचं मन उठलं, चंद्रापाशी गेलं आणि एकेक ग्रह मागे टाकत वर गेलं. मान हलत नाही आणि ही बाई ग्रहांमधून हिंडतेय! नव्या खगोलशास्त्राची तिला चांगली जाण होती.

अशा सुमारे 120 कविता आणि एक अपुरी गद्यकथा एका वहीत उतरली. मुख्य अक्षर लेखनिकाचं, सुबक. मधे मधे दुसऱ्या, घाईच्या हाताच्या दुरुस्त्या, त्या तिच्याच मानल्या जातात. कवितांवर नाव मात्र हेस्टर नाही, 'हडासा'. बायबलमधल्या एस्तेर राणीचं ते दुसरं नाव. 1678 मध्ये हेस्टर वारली आणि वही दृष्टिआड झाली.

1975 मध्ये वही लिलावात निघाली आणि लीड्स विद्यापीठाच्या ब्रदरटन संग्रहात आली. आली आणि तिथेच राहिली. 1996 मध्ये मार्क रॉबसन हा संशोधक तिथल्या हस्तलिखित कवितांची सूची करत होता, तेव्हा ती त्याच्या हाती लागली. म्हणजे एकवीस वर्षं वही ग्रंथालयातच होती! हरवली नव्हती, चोरीला गेली नव्हती. कुणी वाचली नव्हती, एवढंच. वही ग्रंथालयात पोचणं वेगळं आणि वाचली जाणं वेगळं.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा नकलेचं भराभर सांगतो. एकाच पानाची नक्कल तिघं वेगवेगळी करतात आणि मग ताडून पाहतात. कारण चुका ठरलेल्या असतात. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी येतात. लागोपाठच्या दोन ओळींत एकच शब्द आला की नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे स्पेलिंग सुधारणं. सुधारायचं नाही! जसं आहे तसं उतरवायचं. आणि तारखा सांभाळा. तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला बदले. चार्ल्स राजाचा शिरच्छेद आपण 30 जानेवारी 1649 म्हणतो, तेव्हाच्या वहीत ते साल 1648.

शाईचं सांगायलाच हवं, कारण साहित्य तुमच्या ओळखीचं आहे. मायफळ, हिराकस आणि बाभळीचा डिंक. तेव्हाच्या एका हस्ताक्षराच्या पुस्तकात प्रमाण पद्यात दिलंय: पाच औंस मायफळ, तीन औंस हिराकस, दोन औंस डिंक, क्वार्टभर, म्हणजे साधारण लिटरभर, वाइन. वाइन नसेल तर पावसाचं पाणी. शाई दाट झाली तर व्हिनेगर घालायचं, पाणी नाही, पाण्यानं रंग फिका पडतो. हिराकस जास्त पडलं की ही शाई कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोकं पडतात. अशा वहीला हात लावताना पांढरे हातमोजे नकोत. स्वच्छ, कोरडे हात बरे, मोज्यात बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. दूरदर्शनवर मोजे घालून पानं उलटताना दाखवतात, ते नुसतं दिसायला छान.

पुल्टरच्या कविता 2018 पासून 'पुल्टर प्रोजेक्ट' या संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत, मूळ पानांच्या फोटोंसकट. आधी फोटो उघडा, छापील मजकूर हातानं झाका आणि मथळ्यापासून सुरुवात करा. लेखनिकाचं अक्षर स्वच्छ आहे, चार-पाच ओळींत डोळा बसतो. अडलेलं अक्षर त्याच पानावर ओळखीच्या शब्दात शोधा, आणि मगच छापील मजकुरावरचा हात काढा.