बोर्ड बोलतो तीन तारांवर

ज्यांच्या ड्रॉवरमध्ये एखादा ‘मेलेला’ बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवर मावलेला छोटा कॉम्प्युटर, पडून आहे, त्यांनी जरा हात वर करा. बरेच निघाले की! माझाही तीन आठवडे तसाच पडून होता.

पिंपळगावला माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. पानांवर ओल किती तास टिकली हे कळलं, तर केवडा रोगासाठी फवारणी कधी घ्यायची ते ठरवणं सोपं जातं. म्हणून बागेत नोंदी ठेवणारा छोटा कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. २०२१ नंतरचे चिपटंचाईचे दिवस, रास्पबेरी पाय हा सगळ्यांच्या ओळखीचा बोर्ड मिळेना. मग पर्यायी बोर्डांतला एक घेतला. नाव घेत नाही, चूक माझीच होती. मेमरी कार्डावर लिनक्सची इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची तयार प्रत, चढवली, वीज दिली, लाल दिवा लागला आणि टीव्ही काळा ठिक्कर. कार्ड बदललं, केबल बदलली. तिसऱ्या दिवशी भावाला सांगून टाकलं, “पीसच खराब निघाला रे.”

आता इथे मी थोडा रेंगाळणार आहे. घरच्या पीसीत बायोस असतं, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागा होणारा प्रोग्राम. लिनक्स उठलं की ते बायोसला विचारतं, घरात कोण कोण आहे? बायोस यादी पुढे करतं. या छोट्या, एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर बहुधा अशी यादी देणारं कोणी नसतं. कुठल्या पिनेवर काय जोडलंय याचा नकाशा इमेजसोबतच यावा लागतो. त्याला म्हणतात डिव्हाइस ट्री. ऑरेंज पाय पीसी आणि ऑरेंज पाय वन हे दोन बोर्ड घ्या. दोघांतही ऑलविनर कंपनीची एच३ चिप. पण प्रोसेसरचं व्होल्टेज सांभाळणारा भाग ‘पीसी’वर आय-टू-सी या दोन तारांच्या संवादमार्गावरून हुकूम घेतो, तर ‘वन’वर एका पिनेने फक्त दोन पायऱ्या बदलतात, १.१ आणि १.३ व्होल्ट. भाऊ सख्खे, पण एकाचा सदरा दुसऱ्याला बसेलच असं नाही.

सुरुवातीचीही एक गंमत आहे. एच३ला कार्डावरून उठायचं असलं, की ती कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइटवर जाते आणि तिथला यू-बूटचा, म्हणजे लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला तुकडा उचलते. तिथे फाइल नाही, फोल्डर नाही. म्हणून इमेज कार्डावर कॉपी-पेस्ट करून भागत नाही, ती बाइट न् बाइट उतरवावी लागते. हसू नका, दर वेळी कोणीतरी हे करतंच.

तर, माझा बोर्ड. एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, सीरियल लावून बघितलं का?” म्हणजे बोर्ड उठताना जे संदेश पाठवतो, ते तारेने लॅपटॉपवर वाचायचे. नव्हतं बघितलं. बोर्डावर तीन पिना असतात : ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी). या पिना लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचा घ्यायचा. ग्राउंडला ग्राउंड, इकडचा टीएक्स तिकडच्या आरएक्सला, तिकडचा इकडच्याला. चौथी, विजेची तार मोकळीच ठेवायची. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. रॉकचिप कंपनीच्या चिपवरच्या बऱ्याच बोर्डांना १५,००,००० लागतो आणि साधा सीपी२१०२ अडॅप्टर १० लाखांच्या पुढे जात नाही. मग पडद्यावर नुसता कचरा दिसतो आणि आपण पुन्हा बोर्डालाच शिव्या घालतो.

माझ्या पडद्यावर अक्षरं आली. यू-बूट उठलं, रॅम मोजली, ‘स्टार्टिंग कर्नल’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) म्हणालं आणि गप्प झालं. म्हणजे पीस धडधाकट होता! भिंग घेऊन बोर्डावरचं बारीक छापील नाव वाचलं, तर मी शेजारच्या मॉडेलची इमेज उतरवली होती. शेवटचं एक अक्षर वेगळं. आर्मबियनची, म्हणजे अशा बोर्डांसाठीच्या लिनक्सची, योग्य इमेज चढवली, रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड १२३४ दिला, त्याने लगेच नवा मागितला. वीस मिनिटांचं काम.

विजेचं थोडक्यात सांगतो. बारीक केबलचा रोध पाव ओहम धरला, तर २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ५चे साडेचार होतात आणि बोर्ड मधूनच रीस्टार्ट मारतो. आणि घेताना कोअर किती ते मागाहून बघा, आधी आर्मबियनवर त्या बोर्डाची देखभाल चालू आहे का ते बघा. कंपनीच्या जुनाट कर्नलवर अडकलेला आठ कोअरचा बोर्ड मला फुकट दिला तरी नको.

आता हा माझा जुना ‘मेलेला’ बोर्ड लॅपटॉपला जोडतो. पहिल्यांदा ग्राउंड. मागचे दिवे कोणी बंद करता का? अक्षरं बारीक आहेत.