ठिपक्यांचे चित्र आणि चित्राचे व्याकरण : रसेल कर्श

श्रोतेहो, नमस्कार. संगणकाला चित्र पाहता आले तर काय होईल, हा प्रश्न रसेल कर्श या अमेरिकी शास्त्रज्ञाला 1950 च्या दशकात पडला, आणि फोनमधल्या कॅमेऱ्यापासून उपग्रहाने पाठवलेल्या छायाचित्रापर्यंत आज आपण जे जे डिजिटल चित्र पाहतो, त्याच्या मुळाशी त्यांचे काम आहे. मात्र चित्र संगणकात नेणारा हा माणूस तेथेच थांबला नाही; पुढे चित्रकलेकडेही तो तितक्याच गंभीरपणे वळला, आणि आज मला बोलायचे आहे ते या दोन्ही बाजूंविषयी.

कर्श यांचा जन्म 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात झाला. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि हार्वर्ड येथे शिकून ते वॉशिंग्टनमधील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रुजू झाले. तेथे ‘सीक’ नावाचा संगणक 1950 पासून काम करत होता. त्याला आकडे समजत, सूचना समजत. चित्र मात्र त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची कोणतीही वाट नव्हती.

ती वाट कशी तयार झाली, हे सावकाश सांगतो, कारण मला हा प्रसंग अतिशय प्रिय आहे. साल 1957. कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फिरणारा दंडगोल बसवला, त्यावर छायाचित्र गुंडाळले आणि समोर प्रकाश मोजणारी एक संवेदनशील नळी ठेवली. दंडगोल फिरे, चित्राचा एकेक सूक्ष्म भाग नळीसमोरून जाई आणि तो भाग उजळ आहे की काळा, एवढेच यंत्र नोंदवे. उजळ असेल तर एक आकडा, काळा असेल तर दुसरा. यापलीकडे काही नाही. आता या यंत्रावर पहिले चित्र कोणते लावायचे? कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र लावले. जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीरुंदीचे ते चित्र 176 आडव्या आणि 176 उभ्या ठिपक्यांत विभागले गेले, म्हणजे एकूण 30,976 ठिपके झाले. पुन्हा सांगतो, 176 गुणिले 176. आजच्या साध्या फोनच्या चित्रात एक कोटीहून अधिक ठिपके असतात. पण सीकची स्मरणशक्ती इतकी तोकडी होती की तेवढ्यावरच भागवणे प्राप्त होते.

केवळ काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांत बाळाच्या गालाची गोलाई उतरणार कशी? यावर त्यांनी काढलेला मार्ग मला फार सुंदर वाटतो. तेच छायाचित्र त्यांनी पुन्हा पुन्हा यंत्रातून काढले आणि प्रत्येक वेळी ‘किती प्रकाश म्हणजे उजळ’ याची मर्यादा बदलली. या वेगवेगळ्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या, तेव्हा काळ्यापांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा उमटल्या, आणि पडद्यावर एका तान्ह्या मुलाचा चेहरा ओळखता आला. संगणकाने पाहिलेला तो पहिला माणसाचा चेहरा होता. (जाता जाता एक सांगतो. घरातल्या लहान मुलांची छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि मागे नाव व तारीख लिहून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. यंत्रे बदलतात आणि त्यांच्या पोटातली चित्रे हरवतात.) हे छायाचित्र मात्र हरवले नाही. लाइफ नियतकालिकाने 2003 मध्ये जग बदलणाऱ्या शंभर छायाचित्रांत त्याचा समावेश केला, आणि विशेष म्हणजे ते आज ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील कलासंग्रहालयात आहे.

त्या प्रयोगातली एक गोष्ट कर्श यांना पुढे फार खटकत राहिली. ठिपका चौकोनी ठेवणे त्या वेळी सोयीचे होते, म्हणून तो चौकोनी ठेवला गेला, आणि साऱ्या जगाने तोच उचलला. चित्र मोठे केले की तिरप्या रेषेला पायऱ्या दिसतात, त्या या चौकोनामुळे. कर्श यांनी ही आपलीच चूक असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि 2010 मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, तिच्यावर उपाय प्रसिद्ध केला. प्राचीन कारागीर वेगवेगळ्या आकारांच्या फरशीच्या तुकड्यांतून भित्तिचित्रे घडवत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. सहा गुणिले सहा ठिपक्यांचा एक तुकडा घ्यायचा, कोणत्या रेषेने त्याचे दोन भाग केले असता त्यांच्या छटांत सर्वाधिक फरक पडतो ते शोधायचे, आणि तसे दोन भाग करायचे. रेषा मूळ चित्राच्या कलाने जाते आणि पायऱ्या मावळतात.

आता चित्रकलेकडे येतो. त्यांच्या पत्नी जोन कर्श या कलेच्या अभ्यासक होत्या. या दांपत्याने रिचर्ड डीबेनकॉर्न या अमेरिकी चित्रकाराची 1967 पासून आकाराला आलेली ‘ओशन पार्क’ ही चित्रमालिका अभ्यासाला घेतली. या चित्रांत उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषांनी पृष्ठभागाचे भाग पाडलेले असतात. भाषेला जसे व्याकरण असते, तसे या रेषांच्या रचनेचे नियम लिहिता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी नियम लिहिले, संगणकाला दिले, आणि संगणकाने त्या नियमांनुसार नव्या रचना काढल्या. हे कौतुक म्हणून करायचे नव्हते, हे पुन्हा सांगतो. एखाद्या चित्रकाराची ‘शैली’ अशी असते असे समीक्षक म्हणतो, तेव्हा ते पडताळायचे कसे? नियम नेमकेपणाने लिहिलेला असेल, तर त्यातून निघालेली रचना जाणकाराला दाखवता येते, आणि ती त्या चित्रकाराच्या हातची वाटत नसेल, तर कोणता नियम चुकला हे शोधता येते.

मुलांना लहानपणीच विज्ञान आणि कला यांपैकी एक बाजू निवडायला लावणारी पद्धत मला मान्य नाही, आणि या दांपत्याचे काम हे त्याचे माझ्याजवळचे सर्वांत मोठे कारण आहे. चित्रातील वस्तूंच्या कडा ओळखण्यासाठी आठ दिशांनी तुलना करणारी जी पद्धत 1971 पासून कर्श यांच्या नावाने शिकवली जाते, तीही मुळात रेषा कोठे आहे हेच विचारते. आणि डीबेनकॉर्नच्या चित्रासमोर उभे राहून जोन आणि रसेल कर्श हाच प्रश्न विचारत होते. रसेल कर्श यांचे निधन 2020 मध्ये पोर्टलंडमध्ये झाले. धन्यवाद.