पाय म्हणजे लेग की फूट? एकदाच नीट समजून घेऊ

नमस्कार मंडळी! इंग्रजी वाक्प्रचारांच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: ‘पाय’ म्हणजे लेग की फूट?

फूटचं अनेकवचन फीट. हे शाळेत झालंय, पुढे चला.

सगळी गोम घोट्यात आहे. घोट्याच्या खाली, जमिनीला टेकतं ते फूट. घोट्याच्या वर लेग. डॉक्टरांच्या पुस्तकात तर लेग म्हणजे फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, मांडी वेगळी.

हे मी इतकं लावून का धरतेय, सांगते. माझी आई बहिणीकडे परदेशात गेली होती. तळपायात काच घुसली, घरात ती एकटी. फोनवर तिने सांगितलं, “लेग पेनिंग.” पलीकडची नर्स दहा मिनिटं गुडघा, पोटरी, सूज असंच विचारत राहिली. आईच्या डोक्यात ‘पाय’ होता, नर्सच्या डोक्यात लेग. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी व्याकरणापुरता राहिलेला नाही.

आता वाक्प्रचार. ऐन वेळी अवसान गळालं, तर ‘कोल्ड फीट’. तिथे लेग्ज चालत नाही. एखाद्याच्या बोलण्याला काही आधारच नसेल, तर त्याच्याकडे उभं राहायला ‘लेग’ नाही. तिथे फूट चालत नाही. आणि कृपा करून ‘पुलिंग माय लेग’चं भाषांतर ‘पाय ओढतोय’ असं करू नका! आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत ती नुसती थट्टा. आपण ‘फिरकी घेतो’, तेवढंच. एका ताईंनी लिहिलंय की ऑफिसात साहेब हे वाक्य बोलले आणि त्यांना वाटलं, आपल्यावर जळल्याचा आरोप झाला. ताई, अर्थाचा अनर्थ होतो तो असा.

टेबलाला तर घोटा नसतो, मग काय करायचं? भार पेलणारा तो लेग, म्हणून टेबलाचा पाय लेग. सगळ्यात तळाला असतं ते फूट, म्हणून डोंगराचा पायथा फूट, पलंगाची पायगत फूट, पानाच्या तळाशी फूटनोट. हिशेबाची बेरीजही कागदाच्या तळाशी यायची, त्यावरून ‘फूट द बिल’, म्हणजे पैसे आपण भरणं. पुन्हा तेच बघा: पेलतो तो लेग, टेकतं ते फूट.

एका दादांची कमेंट मला लागली. म्हणतात, मराठीत दोन्हीला एकच शब्द, म्हणजे आपली भाषा गरीब. अहो दादा, पाऊल कुठे गेलं? टाच, चवडा, तळवा, घोटा, नडगी, पोटरी? चवड्याला इंग्रजीत ‘बॉल ऑफ द फूट’ असं लांबलचक बोलावं लागतं! शब्द आपल्याकडे आहेत, आपणच वापरायचे सोडलेत. नातवंडांना ‘चवड्यावर उभा राहा’ म्हणून बघा, किती जणांना कळतंय ते.

आणि फूट तरी कुठे परका आहे? संस्कृत पद, लॅटिन पेद, ग्रीक पोद आणि इंग्रजी फूट, सगळे एकाच मुळाचे. मूळचा प इंग्रजीच्या घराण्यात फ झाला, द चा ट झाला. पितृ-फादर, पंच-फाइव्ह, दश-टेन, दंत-टूथ. हा नियम 1822 मध्ये याकोब ग्रिमने मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला, तोच. लॅटिनच्या वाटेने आलेल्या पेडलमध्ये आणि ग्रीकमधून आलेल्या ऑक्टोपसमध्येही तोच पाय. ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद.

आता तुमच्या दिवाणखान्यात बघा. टीपॉय! चहा ठेवतो म्हणून ‘टी’, असं तुम्हालाही वाटतं ना? त्याचा चहाशी संबंध नाही. तीन आणि फारसी ‘पाय’, म्हणजे तिपाई. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्याच्या स्पेलिंगमध्ये चहाचा टी घुसला, आणि आपण तो त्यांच्याकडून इंग्रजी समजून परत घेतला. पायजम्यातही तोच फारसी पाय, अधिक जामा, म्हणजे वस्त्र.

पुढच्या वेळी हात घेऊ. तिथेही हाच घोळ आहे: हँड आणि आर्म. फक्त घोट्याच्या जागी मनगट.